बोटीवरचा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसभर चालतो पण थंडच करत नाही, गॅस भरूनही तेच

कर्लीकाठ:
नमस्कार मंडळी. देवबागला माझी २८ फुटी फायबरची केबिनवाली बोट आहे, डिझेल इनबोर्ड इंजिन, हंगामात कर्ली नदीत आणि संगमापर्यंत पर्यटक आणि गळ टाकायला येणारी हौशी मंडळी फिरवतो. बोटीत सीटखाली बांधलेला फ्रिज आहे, म्हणजे साधारण ८० लिटरची पेटी, वरून उघडणारं झाकण, आत एका बाजूला थंड होणारी ॲल्युमिनियमची प्लेट, कंप्रेसर शेजारच्या लॉकरमध्ये आणि लॉकरच्या भिंतीपलीकडे लगेच इंजिन. कंप्रेसरवर बीडी-३५ लिहिलंय. फ्रिज आणि लाइटसाठी वेगळी १५० एएच (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर बॅटरी, टपावर १६० वॉटचं सोलर पॅनल.

डिसेंबर-जानेवारीत फ्रिज बरा चालायचा, पण मार्च लागल्यापासून सकाळी ९-१० डिग्री आणि दुपारी १४ च्या पुढे जातो, कंप्रेसर बंद असा होतच नाही, फक्त संध्याकाळी कधीकधी मिनिटभर थांबतो परत चालू होतो परत थांबतो असं करतो. फ्रिजवाल्याला आणला, त्याने हात लावून बघितलं आणि म्हणाला गॅस कमी आहे, भरून दिला, थोडा फरक वाटला पण आता परत तेच, आणि तो म्हणतोय अजून गॅस लागेल. लोक पकडलेला मासा त्यातच ठेवतात, पाणी-कोल्ड्रिंक त्यातच, आता ऐन मे महिन्याच्या गर्दीत हे असं चालणार नाही. कंप्रेसर गेलाय का? नवीन घ्यायचा तर किंमत परवडण्यासारखी नाही म्हणून आधी इथे विचारतोय.

थंडगार_रत्नागिरी:
दादा, आधी एक करा, कोणालाही अजून गॅस भरू देऊ नका. मी वर्षानुवर्षं याच धंद्यात आहे आणि छोट्या सिस्टीमचं सगळ्यात जास्त नुकसान गॅस भरूनच होताना बघतो. या फ्रिजमध्ये गॅसच मुळात एवढासा असतो, घरच्या एसीशी तुलनाच नाही, नुसते गेजचे (दाब मोजायच्या मीटरचे) पाइप लावले-काढले तरी त्यातला बराचसा पाइपात निघून जातो, मग तो भरून काढायला अंदाजाने सोडतात आणि जास्त होतो. जास्त गॅसनेही थंडी कमी होते, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे.

गॅस बरोबर आहे की नाही ते तुम्ही गेज न लावता बघू शकता. आतली प्लेट कोरडी पुसा, फ्रिज सुरू करा, पेटी रिकामी ठेवा, तास-दीड तासाने प्लेटवर बर्फाची पांढरी साय कुठे धरलीये ते बघा. पूर्ण प्लेटवर सारखी धरली तर गॅस ठीक. बारीक नळी जिथून आत येते तेवढ्याच कोपऱ्यात धरली आणि बाकी प्लेट नुसती ओली, तर गॅस कमी, आणि कमी असेल तर गळती कुठे आहे ते शोधल्याशिवाय भरायचा नाही. आणि पेटीच्या बाहेर, कंप्रेसरकडे परत जाणाऱ्या जाड पाइपवर बर्फ किंवा खूप दव धरत असेल तर गॅस जास्त. चौथा प्रकार म्हणजे आधी छान थंड होतं, मग अचानक बंद पडतं, बंद ठेवून वितळलं की परत चालतं, तसं असेल तर आत पाणी गेलंय, बारीक नळीत बर्फ होऊन अडकतो. ते व्हॅक्यूम न मारता, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल खेचून न काढता, गॅस भरला की होतं.

त्यांनी व्हॅक्यूम पंप आणला होता का आणि कुठला गॅस भरला? बीडी-३५ वर लेबल असतं, बहुतेक आर-१३४ए असेल. हल्ली घरच्या फ्रिजचा आर-६००ए सर्रास घेऊन फिरतात, तो जळणारा गॅस आहे, बोटीत गळला तर जड असल्यामुळे तळाशी बिल्जमध्ये (बोटीच्या बुडाशी पाणी साचतं त्या जागेत) साठतो. तसं काही झालं असेल तर तो आधी काढायला लावा, बाकी सगळं नंतर.

आणि कंडेन्सरचा (कंप्रेसरजवळची जाळी, जिथून फ्रिजची उष्णता बाहेर पडते) पंखा फिरतोय ना? हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं खरं तर.

दांडी_ट्रॉलर:
गाववाल्यानू, आमच्या ट्रॉलरार फ्रिज नाय, आमी बर्फच भरतो, पण एक सांगतंय. पेटीचा झाकाण आणि खालचो बूच बघा. बूच उघडो रवलो तर थंडी सगळी खालसून भायर जाता, मगे वरसून कितीय थंड करा. माका तरी थयच गोम वाटता.

इंजिनरूम_ईटीओ:
मी जहाजावर इलेक्ट्रिकल बघतो, सध्या सुट्टीवर चिपळूणला आहे. वरचं गॅसचं सगळं बरोबर आहे पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, संध्याकाळी मिनिटभर थांबतो परत चालू होतो. गॅस कमी असला की कंप्रेसर थांबत नाही, उलट चालतच राहतो. असं थांबणं-चालू होणं हे जवळजवळ नेहमी व्होल्टेजचं असतं.

डॅनफॉसच्या (हे कंप्रेसर आता सेकॉप नावाने येतात) या बीडी कंप्रेसरला बाजूला एक इलेक्ट्रॉनिक डबी असते. तिच्यात बॅटरी वाचवायची सोय आहे, बारा व्होल्टवर नेहमीच्या सेटिंगला १०.४ ला बंद करते आणि ११.७ च्या वर गेल्याशिवाय परत चालू करत नाही. आता होतं काय, कंप्रेसर चालू झाला की वायरमध्ये व्होल्टेज पडतं, डबीला १०.४ पेक्षा कमी दिसतं, ती बंद करते. बंद झाल्यावर करंटच नाही म्हणून व्होल्टेज लगेच वर येतं, ती परत चालू करते. तुम्ही बॅटरीवर मीटर लावाल तर १२.४ दिसेल आणि सगळं ठीक वाटेल. मोजायचं ते डबीच्या प्लस-मायनसवर, तेही कंप्रेसर चालू असताना. चालू होतानाचा सगळ्यात खालचा आकडाही बघा.

डबीवर प्लस आणि डी अशा दोन पिना आहेत, त्यांच्यामध्ये एक साधा एलईडी लावता येतो (१० मिलिअँपिअरचा), फॉल्ट आला की तो ठरावीक वेळा लुकलुकतो. एकदा म्हणजे बॅटरी व्होल्टेज, दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट खातोय, तीनदा म्हणजे मोटर सुरूच होत नाही, चारदा म्हणजे मोटरचा स्पीड किमान आकड्यापर्यंतही जात नाही, पाचदा म्हणजे डबी तापलीये. दहा-वीस रुपयांचा एलईडी आहे, पण लोक तो न लावता हजारो रुपयांचा कंप्रेसर बदलतात याचं मला फार वाईट वाटतं.

मला तीन आकडे द्या: बॅटरीवर किती, डबीवर किती, आणि बॅटरी ते डबी वायर किती मीटर आणि किती जाडीची. आणि जमलं तर भर दुपारी लॉकरमधलं तापमान.

सह्याद्री_ट्रेकर:
एवढं कशाला करत बसताय, इन्व्हर्टर टाका आणि घरचा सिंगल डोअर ठेवा, ११-१२ हजारात नवा येतो.

थंडगार_रत्नागिरी:
बोटीत नको हो. घरच्या फ्रिजचा कंप्रेसर सुरू होताना झटका मोठा घेतो, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा लागतो, तो रिकामा चालू असतानाही बॅटरी खातो. पुढे उघडणारा दरवाजा असला की प्रत्येक वेळी थंड हवा पायावर सांडते. आणि खाऱ्या हवेत त्याचा पत्रा फार टिकत नाही. १२ व्होल्टवर चालणाऱ्या त्या थर्मोइलेक्ट्रिक पेट्याही नकोत, त्या बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० डिग्री खाली जातात, म्हणजे ३६ डिग्रीला १६, आणि तेवढं करायला सतत करंट खातात.

कर्लीकाठ:
सगळ्यांना धन्यवाद, खरंच एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. काल बोट बांधूनच ठेवली आणि सगळं बघितलं.

प्लेट पुसून चालवली, तासाभरात पूर्ण प्लेटवर पांढरं धरलं, अगदी कडेपर्यंत. परतीच्या पाइपवर थोडा घाम आहे पण बर्फ नाही. फ्रिजवाल्याला फोन करून विचारलं, आर-१३४ए च भरलाय, व्हॅक्यूम पंप आणला होता.

पंखा फिरतोय. पण लॉकरला बाहेर कुठेच भोक नाहीये, पुढून फळी आणि त्यात हात घालायला एक खाच तेवढीच. आत लाइफ जॅकेट कोंबलेली होती ती काढली. दुपारी फेरी मारून आल्यावर लॉकरमध्ये थर्मामीटर ठेवला तर ४९ डिग्री. कंडेन्सरच्या जाळीवर धूळ आणि जॅकेटचे धागे यांची जाड गादी बसली होती, ब्रशने काढली.

व्होल्टेज: बॅटरीवर १२.४, डबीवर चालू असताना ११.३, चालू होताना क्षणभर १०.३ पर्यंत जातं. करंट ५ अँपिअरच्या आसपास. वायर स्विचबोर्डावरून फिरून येते, साधारण ७ मीटर, २.५ ची (चौरस मिलिमीटर) आहे. एलईडी लावला, संध्याकाळी एकदाच लुकलुकतो, थांबून परत एकदा.

बूच होतं पण त्याचं रबर कडक झालंय, खाली बिल्जमध्ये थेंब थेंब गळत होतं. दांडीवाल्या दादांचं बरोबर निघालं.

इंजिनरूम_ईटीओ:
वा, असे आकडे मिळाले की काम सोपं होतं. आता हिशोब बघा. २.५ ची तांब्याची वायर मीटरला साधारण ७ मिलिओहम. ७ मीटर जायचे आणि ७ यायचे म्हणजे १४ मीटर, म्हणजे ०.१ ओहम. ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट. पण तुमचा पडतोय १.१. म्हणजे अर्धा वायरमध्ये आणि उरलेला ०.६ कुठेतरी जोडात, स्विचमध्ये नाहीतर फ्यूज होल्डरमध्ये. कंप्रेसर चालू ठेवून मीटरच्या दोन्ही पिना एकाच जोडाच्या दोन बाजूंना लावा, जिथे ०.१ पेक्षा जास्त दिसेल तो जोड खराब. खाऱ्या हवेत लगच्या (वायरच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) आत वायर हिरवी होते, वरून दिसत नाही, इन्सुलेशन दोन इंच सोलून बघा, तांबं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापूनच टाका.

कायमचा उपाय म्हणजे स्विचबोर्डावरून न्यायचंच नाही. कंपनीचं कोष्टक सरळ आहे, १२ व्होल्टला २.५ ची वायर फक्त २.५ मीटरपर्यंत, ४ ची ४ मीटर, ६ ची ६ मीटर, १० ची १० मीटर. २४ व्होल्ट असतं तर दुप्पट चाललं असतं. तुमच्याकडे ७ मीटर म्हणजे १० ची वायर, टिनचा मुलामा असलेली मिळाली तर उत्तम, थेट बॅटरीच्या पोलपासून डबीपर्यंत मध्ये जोड न देता, आणि बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज. त्याने पडणारं व्होल्टेज ०.१२ च्या आसपास येईल.

मांडवी_शिडाची:
मी पणजीला शिडाची बोट ठेवते, बरेच दिवस बोटीवरच राहते म्हणून फ्रिजशी रोजचा संबंध. वायर आणि व्होल्टेज झालं, आता उष्णतेचा हिशोब करू, कारण मला वाटतं तुमचा फ्रिज बिघडलेला नाहीये, त्याच्यावर पेलवणार नाही एवढं ओझं आहे.

असा छोटा कंप्रेसर सगळं नीट असताना पेटीतून साधारण ५० वॉट उष्णता बाहेर खेचतो असं धरा. ४९ डिग्रीच्या बंद लॉकरमध्ये त्याहून कमी, कारण तो स्वतःचीच सोडलेली गरम हवा परत परत ओढतोय. डिसेंबरात चालायचा आणि मार्चपासून कमी पडायला लागला ते याच्यामुळेच.

आता पेटीत उष्णता किती शिरते ते मोजायची एक सोपी पद्धत आहे, दांडीवाल्या दादांच्या बर्फानेच. फ्रिज बंद करा, पेटी आधी थंड करून घ्या, त्यात १० किलो बर्फ वजन करून ठेवा, झाकण लावा आणि २४ तास अजिबात उघडू नका. दुसऱ्या दिवशी पाणी निथळून उरलेला बर्फ तोला. एक किलो बर्फ वितळायला ९३ वॉट-अवर उष्णता लागते, म्हणजे जेवढे किलो गेले गुणिले ९३ एवढी उष्णता भिंतीतून आणि झाकणातून दिवसाला आत येते. १० किलो सगळाच गेला तर पेटीच खराब, भिंतीतला फोम पाणी पिऊन बसलाय समजायचं, मग कुठलाही कंप्रेसर लावा काही उपयोग नाही.

आणि पाण्याच्या बाटल्या तुम्ही सकाळी कशा भरता? साध्या तापमानाच्या की घरून थंड करून?

कर्लीकाठ:
साध्याच. सकाळी दुकानातून लिटरवाले दोन बॉक्स उचलतो, २४ बाटल्या, सगळ्या आत.

बर्फाचा प्रयोग केला. १० पैकी ३ किलो उरला.

मांडवी_शिडाची:
म्हणजे ७ किलो गेला, ६५० वॉट-अवर. हे वाईट नाही, जुन्या पेटीसाठी बरंच आहे, झाकणाचं रबर आणि बूच बदललं की अजून सुधारेल.

पण बाटल्या बघा. २४ लिटर पाणी ३० डिग्रीवरून ५ वर आणायचं म्हणजे ७०० वॉट-अवर. म्हणजे नुसत्या बाटल्या तुमच्या पेटीच्या भिंतींपेक्षा जास्त उष्णता आत आणतात! दोन्ही मिळून १३५०, आणि तुमचा कंप्रेसर चोवीस तास न थांबता चालला तरी ५० गुणिले २४ म्हणजे १२००. शिवाय पाहुणे दर पाच मिनिटांनी झाकण उघडणार. यात तो जिंकूच शकत नाही, आणि रात्रभर चालून बॅटरीही संपवतो, कारण १६० वॉटच्या पॅनलमधून दिवसाला फार तर ५० अँपिअर-अवरच्या आसपास मिळतात आणि हा न थांबता चालला तर त्याच्या दुप्पट खातो. मग संध्याकाळी बॅटरी खाली, वायर बारीक, आणि ते एकदा लुकलुकणं.

बाटल्या आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये ठेवा, जमल्यास पाच-सहा बाटल्या पाऊण भरून फ्रीझरला लावून गोठवा आणि त्या तळाशी ठेवा. याला खर्च शून्य आहे आणि माझ्या मते सगळ्या उपायांत हाच मोठा.

अजून एक, आणि हे मी कळकळीने सांगते, जोपर्यंत पेटी ४-५ डिग्रीला येत नाही तोपर्यंत पाहुण्यांचे मासे त्यात ठेवू नका. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे कोमट राहिले की त्यात हिस्टामीन तयार होतं, ते नंतर कितीही शिजवलं किंवा गोठवलं तरी जात नाही, वासही येईलच असं नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठल्यासारखं. माशांसाठी वेगळा पफचा (फोमच्या भिंतींचा) डबा आणि त्यात बारीक बर्फ, मासा वर आला की लगेच बर्फात. १२-१४ डिग्रीच्या फ्रिजपेक्षा बर्फ शंभरदा चांगला.

दांडी_ट्रॉलर:
ताई बरोबर सांगतत. बर्फ खाली, मासो मधी, परत वर बर्फ. आणि पाणी साचूक देव नकात.

थंडगार_रत्नागिरी:
प्लेटवर पूर्ण धरलंय म्हणजे गॅस विषय संपला, कंप्रेसरही ठणठणीत आहे. आता लॉकरला दोन भोकं पाडा. एक खाली, जिथून गार हवा येईल, केबिनच्या बाजूने घ्या, इंजिनच्या बाजूने अजिबात नाही. दुसरं वर, गरम हवा बाहेर जायला, आणि दोन्ही समोरासमोर नकोत, हवा कंडेन्सरमधून गेलीच पाहिजे अशी फळी आत लावा. पंख्याची हवा कुठल्या बाजूला जाते ते कागदाची पट्टी धरून बघा, कंडेन्सरमधून ओढून कंप्रेसर आणि डबीवर सोडत असेल तर बरोबर. इंजिनच्या भिंतीवर लॉकरच्या आतून इन्सुलेशनची शीट चिकटवा. तुमचं डिझेल आहे म्हणून हे सांगतोय, पेट्रोलची बोट असती तर जिथे वाफा येऊ शकतात तिथे हा पंखा-कंप्रेसर ठेवूच नका म्हटलं असतं. वरच्या भोकातून पाणी उडून आत येणार नाही असं तोंड खाली वळवलेलं झाकण लावा.

प्लेटवर बर्फ पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड झाला की फ्रिज बंद करून वितळू द्या, चाकूने खरवडू नका, प्लेटला भोक पडलं की मग खरंच गॅस भरायची वेळ येते.

कर्लीकाठ:
मंडळी, अपडेट. १० ची वायर थेट टाकली, जुनी सोलली तर फ्यूज होल्डरजवळ आतून पूर्ण काळी होती. डबीवर आता चालू असताना १२.२ मिळतं, एलईडी लुकलुकायचा बंद झाला. लॉकरला दोन भोकं पाडली, बूच नवीन. दुपारी लॉकर ३८ डिग्री. बाटल्या रात्री घरी थंड करून नेतो, पाच गोठवलेल्या तळाशी. काल दुपारी दोन वाजता पाहुणे असतानाही पेटीत ६ डिग्री होतं, आणि सकाळी निघताना ३, आणि कंप्रेसर थांबत होता, थांबलेला आवाज ऐकून एवढं बरं वाटलं काय सांगू. मासे वेगळ्या पफच्या डब्यात.

झाकणाचं रबर अजून मिळालेलं नाही, कागदाची पट्टी झाकणात धरली तर मागच्या बाजूने सहज निघते. आणि एक विचारायचं होतं, कंप्रेसरचा स्पीड वाढवता येतो म्हणतात, तो वाढवून दुपारचे ६ चे ४ होतील का?

इंजिनरूम_ईटीओ:
येतो. थर्मोस्टॅटच्या वायरीत सी आणि टी पिनांच्या मध्ये रेझिस्टर असतो, काहीच नसेल तर २००० आरपीएम, २७७ ओहमला २५००, ६९२ ला ३०००, १५२३ ला ३५००. पण स्पीड वाढला की करंट वाढतो आणि लॉकरमध्ये उष्णताही जास्त सोडतो. आधी झाकणाचं रबर लावा, दरवाजाची रबर विकणाऱ्याकडे डी आकाराची पोकळ पट्टी मीटरने मिळते, त्यानंतर आठवडाभर आकडे लिहून ठेवा. तरीही दुपारी ६ च राहिलं तर २७७ लावा, त्याच्या वर जाऊ नका, आणि सोलर अजून एक पॅनल वाढवल्याशिवाय तर तेही नको.

मांडवी_शिडाची:
रबर येईपर्यंत झाकणावर जाड गादी किंवा दुहेरी घडीची योगा मॅट टाकून ठेवा, फरक पडतो. आणि पावसाळ्यात बोट वर ओढाल तेव्हा पेटी धुवून कोरडी करून झाकण उघडं ठेवा, कंप्रेसरचा फ्यूज काढून ठेवा, सप्टेंबरात पुन्हा लावताना सगळे लग एकदा घट्ट करून घ्या.